सुखाचा क्रमांक आणि दुःखाची चौकशी

दरवर्षी मार्चमध्ये जागतिक आनंद अहवाल येतो आणि आपल्याकडे दोन दिवस एकच वाद पेटतो. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८ वा होता, पाकिस्तान १०९ वा आणि नेपाळ ९२ वा. पाकिस्तान आपल्या पुढे कसा, यावर चर्चा झडल्या. कोणी म्हणाले हे पाश्चात्त्यांचे कारस्थान, कोणी म्हणाले आपली लायकीच ती. फिनलंड २०१८ पासून सलग आठव्यांदा पहिला आला म्हणून तिथली जंगले आणि तळी मोबाइलवर फिरली. मग विषय मागे पडला आणि कोणत्याही खात्याच्या कामात तसूभर फरक पडला नाही.

लोकांचे आयुष्य कसे चालले आहे हे सरकारने लोकांनाच विचारावे आणि उत्तर ऐकून पैसा कुठे घालायचा ते ठरवावे, या कल्पनेवर माझा पूर्ण विश्वास आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून जनतेचे बरे-वाईट कळत नाही, हे तो आकडा घडवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटपुढच्या अहवालात बजावून ठेवले होते. खरा वाद आहे तो काय मोजायचे आणि मोजल्यावर कोण बांधील राहणार, याचा. माझे म्हणणे असे की देशाचा किंवा राज्याचा सुखाचा क्रमांक धोरणाच्या कामाचा नाही. कामाची आहे ती दुःखाची चौकशी: कोणाच्या वाट्याला, कोणत्या तालुक्यात, कशामुळे. आणि ती करणाऱ्या सरकारवर पुढचे पाऊल उचलण्याचे बंधन हवे.

आधी हा क्रमांक निघतो कसा ते पाहू, कारण याबाबत आपल्या बातम्यांत नेहमी घोटाळा असतो. दरडोई उत्पन्न, निरोगी आयुर्मान, सामाजिक आधार, स्वातंत्र्य, औदार्य आणि भ्रष्टाचाराबद्दलचे मत अशा सहा निकषांवर गुण देऊन यादी होते, असे छापून येते. प्रत्यक्षात यादी ठरते एकाच प्रश्नावर. गॅलप या संस्थेचा माणूस विचारतो: एक शिडी डोळ्यांपुढे आणा. सर्वांत वरची दहावी पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेले उत्तमातले उत्तम आयुष्य, तळाची शून्य म्हणजे वाइटातले वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? हॅडली कँट्रिल या अमेरिकी संशोधकाने १९६० च्या दशकात ही शिडी रूढ केली. बहुतेक देशांत वर्षाला हजारेक लोकांना हा प्रश्न विचारतात आणि तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी घेतात. सहा निकष येतात ते नंतर, देशादेशांतला फरक कशामुळे पडला असावा याचा अंदाज बांधायला. त्यामुळे कारस्थानाच्या आरोपात अर्थ नाही. कमी पायरी सांगणारी माणसे आपलीच आहेत.

पण म्हणून तो आकडा पक्का होत नाही. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी गॅलपच्या अमेरिकेतल्या मुलाखती तपासल्या, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. शिडीच्या प्रश्नाआधी राजकारणाविषयी प्रश्न विचारले की उत्तर सुमारे ०.६ पायरीने खाली येत होते. माणसे तीच, आयुष्य तेच, फक्त प्रश्नांचा क्रम बदललेला. यादीच्या मधल्या पट्ट्यात एवढ्या फरकात डझनावारी देश बसतात. शिवाय १४० कोटींच्या देशाची एक सरासरी काढली की पुण्यातला संगणक अभियंता आणि भामरागडमधली माडिया बाई एकाच आकड्यात विरघळतात. त्या आकड्यावरून भामरागडला डॉक्टर पाठवायचा की पुण्याला बस, हे कोणालाच ठरवता येणार नाही.

फिनलंडकडून शिकायचेच असेल तर आजच्या क्रमांकापेक्षा १९८६ सालाकडे पाहावे. तेव्हा आत्महत्यांच्या प्रमाणात हा देश जगात वरच्या देशांत गणला जात होता. सरकारने दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि त्याची सुरुवात घोषणेने न करता चौकशीने केली. १ एप्रिल १९८७ ते ३१ मार्च १९८८ या बारा महिन्यांत देशात झालेल्या एकूण एक आत्महत्येचा, म्हणजे १,३९७ मृत्यूंचा, अभ्यास झाला. प्रशिक्षित लोक घरोघर गेले. बायको, आई, भाऊ, उपचार करणारा डॉक्टर यांच्याशी सविस्तर बोलले. शेवटचे महिने कसे गेले, दारू किती होती, नोकरी होती की गेली होती, डॉक्टरांकडे गेले होते का, गेले असतील तर तिथे काय झाले, हे सारे नोंदवले. नैराश्याने ग्रासलेल्या बहुतेकांना पुरेसे उपचार मिळालेच नव्हते, हे त्यातून समोर आले. मग जिल्ह्याजिल्ह्यांत आरोग्य केंद्रे, शाळा, चर्च, सैन्यदल यांना त्या माहितीच्या आधारे कामाला लावले गेले. १९९० पर्यंत प्रमाण वाढतच होते. तेव्हा ते लाखामागे ३० च्या आसपास गेले. त्यानंतर मात्र घसरण सुरू झाली आणि आज ते निम्म्याहून कमी आहे. सारे श्रेय त्या एका कार्यक्रमाला देता येणार नाही. औषधोपचार सुधारले, समाज बदलला. तरीही आपल्या दुःखाकडे इतक्या जवळून, एकेक घर करून पाहण्याची तयारी एका सरकारने दाखवली, हे मला आजच्या पहिल्या क्रमांकापेक्षा फार मोठे वाटते.

आपणही आत्महत्यांची चौकशी करतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली की महाराष्ट्रात तहसीलदारांचा अहवाल तयार होतो, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा आणि बँकेचा थकबाकीचा दाखला त्याला जोडला जातो, आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जाते. समिती एका प्रश्नाचे उत्तर देते: पात्र की अपात्र? जमीन त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, नापिकीमुळे ते थकले का, वसुलीचा तगादा होता का. पात्र ठरले तर एक लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. हे निकष २००५-०६ पासूनचे आहेत. रक्कमही तेव्हाचीच आहे.

अपात्र ठरलेल्या घराला पैसे मिळत नाहीत, हा अन्याय आपण जाणतो. त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट ही की अपात्र ठरलेल्या मृत्यूपासून सरकार काहीच शिकत नाही. नात्यातल्या माणसाकडून हातउसने घेतलेले पैसे, मुलीच्या लग्नाचे देणे, दारू, अंगावर काढलेले दुखणे, बटाईने केलेली शेती, घरातले वाद, हे सारे त्या चौकशीत निघते आणि 'निकषात बसत नाही' या शेऱ्याखाली गाडले जाते. शेतमजुराचे तर प्रकरणच उभे राहत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांच्या आत्महत्या नोंदलेल्या आहेत. त्यात ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर. म्हणजे ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांची संख्या अधिक. त्या ११,२९० पैकी चार हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले. फिनलंडने दीड हजाराच्या आतले मृत्यू एकेक करून समजून घेतले. आपल्याकडे वीस वर्षांची कागदपत्रे आहेत आणि ती फक्त धनादेश द्यायचा की नाही एवढ्यासाठी वापरली गेली.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. माणूस स्वतःविषयी सांगतो ते कितपत धरायचे? अमर्त्य सेन यांनी हा मुद्दा अनेक वर्षे लावून धरला आहे. त्यांचे एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळच्या सिंगूरला आरोग्यपाहणी झाली. आपली तब्येत बरी नाही किंवा जेमतेम आहे असे सांगणाऱ्या विधुरांचे प्रमाण ४८.५ टक्के होते. विधवांमध्ये ते अवघे २.५ टक्के. त्या काळच्या बंगालमधल्या विधवेचे खाणेपिणे आणि घरातले स्थान ज्याला ठाऊक आहे, तो या आकड्यावरून विधवा ठणठणीत होत्या असा निष्कर्ष काढणार नाही. आपल्याला काही दुखते आहे असे म्हणण्याची मुभाच त्यांना नव्हती, किंवा ते दुखणे आयुष्याचा भाग म्हणून त्यांनी स्वीकारले होते. उलट बाजूने सेन यांनीच दाखवले की देशात सर्वाधिक आयुर्मान असलेल्या केरळमध्ये आजारपणाच्या तक्रारीही सर्वाधिक असतात आणि बिहारमध्ये त्या कमी. शिकलेल्या, दवाखाना जवळ असलेल्या माणसाला दुखणे ओळखता येते आणि ते सांगावेसे वाटते.

यातून एक परिणाम निघतो, त्याची दखल क्रमांकाच्या मागे लागलेल्यांनी घ्यायला हवी. मुली शिकल्या, बायका बाहेर पडल्या, दलित वस्तीतल्या तरुणाला आपला हक्क कळला, की अपेक्षा वाढतात आणि शिडीवरचे उत्तर खाली येऊ शकते. सुखाचा सरासरी गुण वाढवणे हेच उद्दिष्ट ठरले तर जागृती करणाऱ्या सरकारला शिक्षा होईल आणि लोकांना आहे त्यात समाधानी ठेवणाऱ्याला बक्षीस. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला, तेव्हा मला हीच भीती वाटली होती. नागरिकाला आनंदी राहायला शिकवणे हे सरकारचे काम नाही. त्याच्या वाटेतले अडथळे शोधणे आणि हटवणे हे आहे.

सेन यांचा आक्षेप आपल्या इथे किती खरा आहे ते बीडच्या ऊसतोडणी कामगार बायकांकडे पाहिले की कळते. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती नवरा-बायकोच्या जोडीवर, आणि त्या जोडीला म्हणतात एक कोयता. पहाटे अंधारात फडात उतरायचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, गाडी रात्री आली तर रात्री. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, वर दंड. फडात संडास नाही, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही. अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेल्यावर पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो, कॅन्सरची भीती घातली जाते. २०१९ मध्ये हा प्रश्न पेटल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

अशा बाईला शिडीवरची पायरी विचारली तर ती काय सांगेल? खाडा टळला, उचल फिटली, पोरगा आश्रमशाळेत आहे. ती सहावी पायरी सांगेल, कदाचित सातवीही. तिचे उत्तर खोटे म्हणण्याचा अधिकार मला नाही. तिने ज्या पर्यायांतून निवड केली ते तिलाच ठाऊक. पण त्या उत्तरावर धोरण उभे केले तर तिचा घात होईल. म्हणून विचारायचे ते समाधान न विचारता नेमके विचारायचे. गेल्या महिन्यात किती रात्री झोप लागली नाही? आजारी पडल्यावर कामाला जावे लागले का? अडचणीत हक्काने जाता येईल असे कोणी आहे का? जगणे नको वाटले का? आणि या उत्तरांशेजारी अंगातले रक्त, काढलेले गर्भाशय, डोक्यावरचे कर्ज, झोपेचे आणि कामाचे तास ठेवायचे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८, असे निघाले. असा आकडा कोणी कितीही समाधानी असल्याचे सांगितले तरी पुसला जात नाही.

भूतानने या बाबतीत खूप विचार केला आहे. २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात सकल राष्ट्रीय आनंदासाठी पोषक परिस्थिती निर्माण करणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. त्यांच्या निर्देशांकात नऊ क्षेत्रे आणि ३३ निर्देशक आहेत: झोप, वेळ, शेजारपाजार, निसर्ग, कारभार, असे सगळे. प्रत्येक गोष्टीत 'पुरेसे' कशाला म्हणायचे याची रेषा आखलेली असते आणि सरकारने पाहायचे ते जे रेषेखाली आहेत ते कोण आणि कशात कमी पडतात. ही दृष्टी मला शंभर टक्के पटते. पण त्याच भूतानमधून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नेपाळीभाषक ल्होत्साम्पा समाजातल्या सुमारे एक लाख लोकांना देश सोडावा लागला. ते नेपाळच्या निर्वासित छावण्यांत राहिले आणि २००७ नंतर त्यातले बहुतेक अमेरिका आणि इतर देशांत गेले. पाहणी करणारा त्यांच्या दारात कधी आला नाही, कारण दारच उरले नव्हते. आनंद मोजणाऱ्याने सर्वांत आधी विचारायचे ते हे की मोजणीतून कोण बाहेर राहिले. आपल्याकडे हिवाळ्यात धारूर किंवा पाटोद्याच्या गावात पाहणीला गेले तर घराला कुलूप मिळते. ते कुटुंब तेव्हा सांगली-कोल्हापूरकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात पालात असते. पाहणीने तिथे गेले पाहिजे. आणि कुटुंबप्रमुखाला विचारून काम भागवू नये. बाईला वेगळे, एकटीला विचारावे.

मोजल्यानंतर काय, याचे उत्तर आधी ठरवलेले नसेल तर न मोजलेले बरे, इथवर मी जायला तयार आहे. २०२३ मध्ये मराठवाड्याचे तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी आठ जिल्ह्यांतल्या सुमारे दहा लाख शेतकरी कुटुंबांची पाहणी करवून घेतली. प्रश्नावलीत शंभराहून अधिक प्रश्न होते. लाखाहून अधिक जणांच्या मनात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता, असे त्यातून पुढे आले. खरीप आणि रब्बीच्या पेरणीआधी एकरी दहा हजार रुपये थेट द्यावेत, अशी शिफारस त्यांनी केली. काही दिवस मथळे झाले. केंद्रेकर यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ती शिफारस मान्य करावी की नाही यावर मतभेद असू शकतात; एवढा पैसा कुठून आणायचा हा खराच प्रश्न आहे. पण सरकारी माणसासमोर, आपल्या ओसरीवर बसून, लाखभर लोकांनी मरणाचा विचार बोलून दाखवला असेल, तर त्या घरांत पुन्हा कोणी गेले का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. न्यूझीलंडने २०१९ मध्ये कल्याणाचा अर्थसंकल्प मांडला, मानसिक आरोग्यासाठी १.९ अब्ज न्यूझीलंड डॉलर काढले, आणि सेवा वेळेत उभ्या राहिल्या नाहीत म्हणून तिथल्या सरकारला पुढे टीका सोसावी लागली. आकडा छापून वचन दिले की लोक हिशेब मागू शकतात. आपल्या त्या पाहणीनंतर कोणी हिशेब मागावा असे वचनच कोणी दिले नाही.

महाराष्ट्राकडे साधने आहेत. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी हाताळली, त्यात नैराश्य आणि जीवनसमाधान दोन्ही विचारले होते. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाआधी आर्थिक पाहणी प्रसिद्ध करते; त्यात दूध, सिमेंट आणि वाहनांची संख्या असते. झोप, भीती, एकटेपण, अंगावर काढलेले दुखणे यांचे तालुकावार प्रकरण त्यात यायला काही अडचण नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बारा राज्ये होती आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. ती उणीव राज्याने स्वतः भरून काढावी. आशाताईंवर मात्र हे आणखी एक काम लादू नये. त्यांच्यावर आधीच नोंदवह्यांचा ढीग आहे, आणि गावातल्याच ओळखीच्या बाईला मनातले सांगायला माणूस कचरतो. बाहेरून प्रशिक्षित माणसे यावीत, त्यांना त्यासाठी वेतन मिळावे, आणि धोक्यात असलेला माणूस भेटला तर त्याच दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयाशी किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकाशी जोडून द्यावे.

सुरुवात करायला तर नव्या पाहणीचीही वाट पाहायला नको. गेल्या वीस वर्षांतली पात्र आणि अपात्र प्रकरणे जिल्हाधिकारी कार्यालयांत आहेत. पहिल्या वर्षी अमरावती विभागातला एक आणि मराठवाड्यातला एक जिल्हा घ्यावा. फक्त अपात्र ठरलेली प्रकरणे काढावीत, त्या कुटुंबांची परवानगी घेऊन त्यांच्याकडे जावे, आणि कर्जाशिवाय आणखी काय काय घडले होते ते नीट ऐकावे. त्याच जिल्ह्यांत यापुढच्या प्रत्येक मृत्यूसाठी, मग तो शेतमजुराचा असो, विद्यार्थ्याचा असो की सासरी गेलेल्या मुलीचा, मदतीच्या कागदाबरोबर शिकण्यासाठीचा दुसरा कागद भरावा. त्यावर पात्र-अपात्रचा रकाना नसावा. नाव-गाव वगळून त्याचा अहवाल विधिमंडळात ठेवावा, आणि कोणत्या खात्याने त्यावर काय केले याचा कृती अहवाल सहा महिन्यांत सभागृहात मांडणे कायद्याने बंधनकारक करावे.